कोरड्या हातांचा नियम

३ नोव्हेंबर, सोमवार

कार्यालयात तीस वर्षे मी नोंदी ठेवीत आलो. घरासाठी वही उघडण्याची ही पहिलीच वेळ. कारण सासूबाईंची त्वचा.

वय एक्याऐंशी. गेले सतरा दिवस त्यांच्या पायांना गुडघ्यांखाली आणि हातांना कोपरांपर्यंत कंड सुटतो आहे. जुन्या तैलचित्रावरचे वारनिश तडकते, तशी नडग्यांवरची कातडी बारीक तडकलेली दिसते. खाजवले की रक्ताचे ठिपके उमटतात आणि चादरीला लागतात.

उपाय म्हणून २० ऑक्टोबरपासून मी त्यांचे स्नान दिवसातून दोनदा केले आहे. सकाळी साडेसातला, संध्याकाळी सहाला. पाणी कडक, साबण जंतुनाशक, आणि शेवटी अंग जाड टॉवेलने घासून कोरडे. स्नान मावशी घालतात. त्या दिवसभर सासूबाईंपाशी असतात. हातपाय मात्र मी स्वतः पाहतो. वेळापत्रक न्हाणीघराच्या दारावर लावले आहे.

काल मी पाय घासत असताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी करपलेलं पातेलं नाही हो." कंड अस्वच्छतेमुळे सुटतो, असे मी समजावून सांगितले. असेल, असे त्या म्हणाल्या. एक्याऐंशी वर्षांचा मळ आहे, दोन आठवड्यांत कसा निघेल.

पत्नीला जाऊन चौदा महिने झाले. (लिहितानाही मी तिला 'ही' असेच म्हणतो; ती सवय आता मोडणार नाही.) सासूबाई त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून आमच्याकडे आहेत. ही गेल्यावर त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. संध्याकाळी मी दार उघडले की आतून "आलात का?" असा प्रश्न येतो. ही असेच विचारीत असे, त्याच चालीत. मुलीने आईची चाल उचलली असणार, हे उघड आहे. मला मात्र ती उलट क्रमाने ऐकू येते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेल्या रविवारी हिचे कपाट अखेर उघडले होते. वरच्या खणात बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा निघाला. त्यात पांढऱ्या सुती हातमोज्यांचे अकरा जोड, नीट घडी घातलेले. आमच्या दस्तऐवज-संग्रहात जुने नकाशे हाताळताना अगदी असेच मोजे लागतात आणि गेले वर्षभर त्यांची चणचण आहे. तिने ते माझ्या कामासाठी जमवले असावेत आणि सांगायचे राहून गेले असावे. मन भरून आले, हे नाकारीत नाही.

तपासणीत तीन जोड आतून पिवळट आणि तेलकट आढळले. ते बाद केले. आठ जोड धुऊन, इस्त्री करून आज नकाशा-विभागात दिले. ते आखूड आहेत, अशी दोघांनी तक्रार केली. सहायक बाईंना तेवढे बरोबर बसले.

डब्याच्या तळाशी काचेची एक लहान बरणी होती. वर नावाची चिठ्ठी नाही, आतून खरवडून खरवडून संपवलेली. ओल्या लोकरीसारखा वास येत होता. टाकून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याचा फोन आला. तो मनाने सरळ आहे, परंतु निर्णय आधी घेतो आणि विचारतो नंतर. त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी एक शुश्रूषागृह आहे. तेथे त्याने आईसाठी खाट पाहून ठेवली आहे. "भाऊजी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आईकडे बघायला आता तुमच्या घरात आहे कोण?"

मी आहे, असे सांगितले.

शेवटी असे ठरले की तो तीस तारखेला येईल. तोवर आईचे पाय बरे झाले असतील, तर त्या येथेच राहतील. नसतील, तर तो त्यांना घेऊन जाईल. अट न्याय्य आहे. एकवीस दिवस पुरेसे आहेत.

फोन ठेवल्यावर सासूबाईंना मी म्हटले की मुलगा आपली चौकशी करीत होता. "चौकशी म्हणजे मला न्यायचंच म्हणत असेल," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अर्धी रजा घेऊन सासूबाईंना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेले. बाई तरुण आहेत आणि भरभर बोलतात. मी वेळापत्रकाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली.

"हे कोणी ठरवलं?"

"मी."

"आजपासून बंद."

नंतर जे सांगितले, ते जसे समजले तसे लिहितो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, रसायनांशी माझा परिचय बेताचा. कातडीचा सर्वांत वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो. त्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ भरलेला असतो: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. हा लेप आतले पाणी आत ठेवतो आणि बाहेरचे जंतू बाहेर. वयाबरोबर तो कमी तयार होतो. जो उरतो तो कडक पाणी आणि तीव्र साबण धुऊन नेतात. मग पाणी उडून जाते, कातडी आवळते, तडकते, आणि कंड सुटतो. म्हणजे कंड मळाचा नव्हता. मळ समजून मी जे काढीत होतो, तोच तो लेप होता.

हे मला कागदाच्या भाषेत चटकन उमगले. चांगल्या कागदावर खळ असते. त्या खळीमुळे शाई पसरत नाही आणि दमट हवा आत शिरत नाही. खळ गेलेला कागद टीपकागदासारखा सर्व काही शोषतो आणि शेवटी घडीवर तुटतो. ओल्या कागदावर कोणी हात घासला, तर मी त्याची खैर ठेवीत नाही. आणि घरी मी तीन आठवडे जाड टॉवेल चालवीत होतो. हा विचार डॉक्टरबाईंना बोलून दाखवला नाही.

सूचना अशा. स्नान दिवसातून एकदा, कोमट पाण्याने, पाच मिनिटांत. साबणाऐवजी बिनवासाचे सौम्य द्रव. अंग टिपायचे, घासायचे नाही. आणि कातडी किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, सिरॅमाइडयुक्त क्रीम. नडग्यांवर आणि टाचांवर त्यावरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर. क्रीम पाणी धरून ठेवते आणि जेली झाकणाचे काम करते. रोज, न चुकता, बरे वाटले तरीही.

परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "बाई हुशार आहे. तुमच्यावर ओरडली नाही."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्रीम आणि जेली आणली. पद्धत काल सुरू केली आणि अडचण लगेच ध्यानात आली. चादरीवर तेलकट डाग पडला, खुर्चीच्या हातावर पडला, दिव्याच्या बटणावरही पडला. ज्या घरात एकोणीस वर्षे रोज संध्याकाळी जुने नकाशे उघडले गेले, त्या घराला हे मानवणारे नाही.

ते काम संपून पाच वर्षे झाली. तरी लिहून ठेवतो. नकाशांची सूची मोठी होती आणि संग्रहाला माणसे कमी, म्हणून संचालकांच्या लेखी परवानगीने एकेक गठ्ठा मी बंद पेटीतून घरी आणीत असे. रोज दोन तास. पाने उलटून क्रमांक ही वाचीत असे आणि मी लिहीत असे. नियम एकच होता: दोघांचे हात साबणाने धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत, आणि घरात कोणीही हातांना तेल, मलम, काहीही लावायचे नाही. स्निग्ध डाग कागदातून कधीच पूर्णपणे निघत नाही. नव्या माणसांना मी पहिल्या दिवशी हेच वाक्य सांगतो.

तेव्हा पद्धतीत थोडी सुधारणा केली. संग्रहात जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीला लोकरीच्या मेणाचे मलम लावण्याची रीत आहे. चामडे पूर्ण कोरडे करायचे, मलमाचा पातळ हात द्यायचा, अर्धा तास ठेवायचे, आणि मुरल्यावर वरचे मऊ कापडाने पुसून काढायचे. चामडे तृप्त होते आणि हाताला काही लागत नाही. कातडीही शेवटी कातडीच. त्यामुळे आता अंग टिपून दहा मिनिटे वाळू देतो, मग पातळ थर, अर्ध्या तासाने पुसणे, आणि वरून थोडी पावडर.

मावशींना हे पटलेले नाही. लावायचे आणि पुसायचेच असेल तर लावायचे कशाला, असे त्यांनी विचारले. मी चामडी बांधणीचे उदाहरण दिले. "आजी म्हणजे पुस्तक आहेत होय," त्या म्हणाल्या. आतून सासूबाईंचा आवाज आला: "जुनं आहे म्हणावं. पानं सुटायला आलीत."

१६ नोव्हेंबर, रविवार

डाग नाहीत. कंड पूर्वीइतकाच. मेहुण्याला फोनवर सासूबाईंनी "खूपच बरं आहे" असे सांगितले. हे वस्तुस्थितीला धरून नव्हते, तरी मी दुरुस्ती केली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी डाव्या टाचेची भेग उघडली. आज दुपारी मावशींचा कार्यालयात फोन आला की पाय घोट्याच्या वर लाल झाला आहे, हाताला गरम लागतो आहे, आणि आजींना थंडी वाजते आहे. मी हातातला नकाशा तसाच उघडा टाकून निघालो. तीस वर्षांत असे कधी घडले नव्हते.

जंतुसंसर्ग. भेगेतून आत गेला. डॉक्टरबाईंनी दहा दिवसांची औषधे दिली. दोन दिवस आणखी गेले असते, तर रुग्णालयात ठेवावे लागले असते, असेही सांगितले. मग मलम कसे लावता, ते विचारले. मी सर्व क्रमाने सांगितले: वाळवणे, पातळ थर, अर्धा तास, पुसणे, पावडर. बाईंनी मान वर केली.

"पुसता?"

"वरचे. मुरल्यावर."

"चामडं मेलेलं असतं हो काका. त्याला एकदा तूप पाजलं की झालं. इथं आतून सारखं पाणी उडतंय. तो वरचा थर म्हणजेच औषध आहे. तोच तुम्ही रोज पुसून टाकलात."

बाईंनी बहुधा दया येऊन माझा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांची टोके दिव्याखाली धरली. ती नेहमीच पांढरी आणि चिरलेली असतात. मला त्यांचा थोडा अभिमानही होता. हाच प्रकार आहे, असे त्या म्हणाल्या. आणि घरात आणखी कोणाचे हात असे होते का, असे विचारले.

कोणाचेच नाही, असे मी सांगितले.

सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी आपल्या पिशवीचा बंद एकदा उघडला आणि पुन्हा लावला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा घेतली. ताप उतरला आहे. दुपारी मावशी जेवायला बसल्या असताना मी सासूबाईंच्या पायांना सांगितल्या पद्धतीने क्रीम लावले, ओलसर कातडीवर, आणि जेलीचा जाड थर दिला. पुसले नाही. त्या बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होत्या.

"काल डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलंत."

मी काय खोटे सांगितले, ते विचारले.

"तिचे हात कसे होते, बघितलेच नाहीत का तुम्ही कधी?"

त्यांनी जे सांगितले, ते त्यांनी एका दमात सांगितले नाही. मधे पाणी मागितले, एकदा खिडकी बंद करायला लावली. मी येथे सलग लिहितो.

हिच्या बोटांना पहिल्यापासून भेगा पडत. दिवसभर भांडी, कपडे, फरशी, आणि संध्याकाळी गठ्ठा उघडण्यापूर्वी पुन्हा साबण. काही पेरांवरून रक्त येई. पानावर डाग पडू नये म्हणून ती अंगठ्याच्या कडेने पाने उलटीत असे. (हे मी रोज पाहिले आहे. ती नाजूकपणे पाने उलटते, असे मी संचालकांना कौतुकाने सांगितलेही होते.) मग तिने स्वतःच मार्ग काढला. सूचीचे काम संपले, मी पेटीला कुलूप लावले, की ती माझ्या दिव्याचा त्रास होतो म्हणून आईच्या खोलीत निजायला जाई. तेथे हातांना मलम थापून वरून सुती मोजे चढवी. सकाळी मोजे काढून हात धुऊन टाकी. दाराच्या कडीला, बटणाला, चादरीला, कशालाच काही लागत नसे. मोजे आतून खराब होत, तेवढेच.

ते मोजे मी तपासले होते. तीन जोड बाद केले होते.

तिने मला कधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"सांगितलं नाही कसं? मागितलं होतं की तुमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या पुस्तकांना काय ते लावता ना, लोकरीचं मलम. ते थोडं आणाल का, म्हणाली होती. हातांना बरं पडतं म्हणे. तुम्ही म्हणालात, ते पुस्तकांसाठी आहे."

मला आठवते. ओटा पुसता पुसता म्हणाली होती. मला ती थट्टा वाटली. पुस्तकांचा हेवा करणारी बायको मिळाली आहे, असे म्हणून मी हसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात हा किस्सा सांगून इतरांनाही हसवले होते.

"मग?" मी विचारले.

"मग काय. दुकानातून आणायला लागली."

त्यानंतर सासूबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका संध्याकाळी हात धुऊनही थोडे मलम बोटाला राहिले आणि नकाशाच्या कडेला त्याचा ठसा उमटला. मी तिला काही बोललो नाही. फक्त पेन खाली ठेवले आणि त्या रात्री काम बंद केले. "त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, म्हणाली." ते पेन खाली ठेवणे मला आठवत नाही. न आठवणे ही माफी नव्हे, हे जाणतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नकाशा-विभागात जाऊन ते मोजे परत मागितले. धुलाईत सर्व मोजे एकत्र झाले होते आणि फाटलेले टाकून दिले होते. ओळखायचे कसे, असा प्रश्न पडला. मग सहायक बाई म्हणाल्या, "साहेब, ते लहान मापाचे ना? मीच वापरते. बाकी कुणाच्या हातात जात नाहीत." त्यांच्यापाशी एकच जोड उरला होता. कारण न विचारता त्यांनी तो काढून दिला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पेन्सिल लागली आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सहा दिवस पद्धत तंतोतंत पाळली. तीन मिनिटांचा हिशेब ठेवण्यासाठी मी न्हाणीघराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहतो. "साहेब, गाडी सुटत नाहीये," असे मावशींनी सुनावले. न्हाणीघराच्या दारावरचे जुने वेळापत्रक मी उतरवले. नवे लिहून लावले नाही, सर्वांना पाठ आहे.

नडग्यांवरचे पांढरे खवले गेले. कंड पुष्कळ कमी. हातांची कातडी मऊ लागते. तेथे क्रीम लावून वरून ते मोजे घालतो. सासूबाईंच्या हातात ते सहज जातात. आईचे आणि मुलीचे माप एकच. पहिल्या दिवशी मोजे घातल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तासभर उचलले नाहीत.

डाव्या टाचेची भेग मात्र भरलेली नाही. लेप पुन्हा तयार व्हायला आठवडे लागतात. या वयात अधिक. माझे पहिले आठ दिवस हातात असते, तर तीस तारखेपर्यंत जमले असते. हा अंदाज डॉक्टरबाईंचा आहे. मीच विचारला होता.

खुर्चीच्या हातावर आता तेलकट डाग कायमचा दिसतो. या पानाच्या खालच्या कोपऱ्यातही एक उमटला आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

मेहुणा सकाळी दहाला आला. आईचे हात पाहून त्याला आश्चर्य वाटले. "हे तर छानच झालंय की भाऊजी," तो म्हणाला. टाच पायमोज्यात होती. सासूबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि मावशींना चहा टाकायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी गप्प राहिलो असतो, तर तो चहा पिऊन परत गेला असता, असे मला वाटते.

परंतु अट मी मान्य केली होती. मी खाली बसून त्यांचा मोजा काढला आणि टाच त्याला दाखवली. संसर्ग कसा झाला तेही सांगितले: वेळापत्रक, टॉवेल, वाळवणे, पुसणे, सर्व. वीस तारखेला रुग्णालय थोडक्यात टळले, हेही सांगितले. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपे गेले असते. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," तो म्हणाला आणि आईची बॅग कोठे आहे, ते विचारले.

सासूबाई मला म्हणाल्या, "बोलायची काय गरज होती? एरवी कधी बोलत नाही ते."

सामान फार नव्हते. क्रीमचे दोन डबे आणि जेली मी वेगळ्या पिशवीत दिली. मोजेही त्यात ठेवले होते. त्यांनी ते काढून हातांत घातले. जिन्यावर मी त्यांचा हात धरला होता. सुती कापडातून हाताची ऊब कळते, हे मला ठाऊक नव्हते. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि विचारले, "तो नकाशा असेल का अजून?"

कोणता, हे मला विचारावे लागले नाही. असेल, म्हणालो. आमच्याकडे काही टाकीत नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी दार उघडले आणि सवयीने क्षणभर उंबऱ्यात थांबलो.

४ डिसेंबर, गुरुवार

सूचीच्या नोंदवहीत 'दोष' असा एक रकाना आहे. एकोणीस वर्षांची पाने चाळायला दोन दिवस लागले. नोंद सापडली. अक्षर माझेच: "उजवीकडे खाली, समासात, स्निग्ध बोटाचा ठसा. हाताळणीतील निष्काळजीपणा."

दुपारी तो नकाशा काढवला. एका लहान गावाचा, विहिरी आणि पायवाटा दाखवणारा. समासात उजव्या कोपऱ्यात ठसा आहे, लहान, लांबट, मधासारख्या रंगाचा. उजेडासमोर धरला की तेवढाच भाग पारदर्शक होतो आणि बोटावरच्या रेषा दिसतात. मधोमध एक आडवी कोरी फट आहे. तेथे भेग असणार.

सहायक बाईंना वाटले की डाग काढण्याचा विचार आहे. सौम्य द्रावण वापरून पाहता येईल का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. नोंदीतले दुसरे वाक्य खोडून पुढे आद्याक्षरे आणि तारीख घातली. नियमाप्रमाणे दुरुस्तीचे कारणही लिहावे लागते. ते लिहिले: नोंद करणाऱ्याची चूक.

संध्याकाळी शुश्रूषागृहातून फोन आला. तेथील परिचारिकेला मलम लावण्याची पद्धत माझ्याकडून ऐकायची होती. आजी म्हणतात, आमच्या जावईबापूंना विचारा, त्यांना मिनिटासकट पाठ आहे. मी सांगितली. ओलसर कातडीवर, तीन मिनिटांत, जाड थर. पुसायचे नाही, हे दोनदा सांगितले. मग तिने फोन सासूबाईंकडे दिला.

टाच भरत आली आहे, असे त्या म्हणाल्या. मोजे तेथील बायका कौतुकाने पाहतात. मग त्यांनी विचारले,

"सापडला का?"

"सापडला."

"पुसू नका हो तो."

तो निघत नाही, असे मी त्यांना सांगितले.